वीज निवडण्याचा हक्क मीटरपाशी अडतो : विद्युत नियामक आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई

सप्रेम नमस्कार.

विद्युत कायदा १० जून २००३ रोजी लागू झाला. त्यातल्या कलम ४२ मुळे ग्राहकाला आपली वीज कोणाकडून घ्यायची हे ठरवता येऊ लागले. तारा वितरण कंपनीच्या, वीज दुसऱ्याची आणि तारांचे भाडे ग्राहकाने भरायचे, अशी ही व्यवस्था. आमच्याकडे तिला सगळे ओपन ॲक्सेसच म्हणतात. आधी ती एक मेगावॉटच्या वरच्या कारखान्यांपुरती होती. जून २०२२ मध्ये केंद्राचे हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियम आले आणि हरित विजेसाठी ही मर्यादा १०० किलोवॅटवर आली. कुपवाड, मिरज, पलूस, इस्लामपूर, तासवडे किंवा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत १०० किलोवॅट म्हणजे अगदी मधल्या आकाराचा कारखाना. त्यामुळे हा हक्क आता आमच्या गल्लीपर्यंत आला आहे, पण तो वापरायला गेले की मधल्या कारखानदाराची वाट बंद होते. ती कुठे आणि कशामुळे बंद होते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून हे पत्र आपल्याला आहे, आणि लोकांनीही वाचावे म्हणून उघड लिहिले आहे.

आमच्यात ओपन ॲक्सेसचे अर्ज, मीटरिंग आणि बिलांची तपासणी करणारे अभियंते आहेत, तसेच फाउंड्री आणि मशीन शॉप चालवणारे आहेत. एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला इंडक्शन भट्टीला साधारण ६०० ते ६५० युनिट लागतात. युनिटमागे एक रुपयाचा फरक पडला तर टनामागे सहाशे रुपयांहून जास्त फरक पडतो. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो, आणि खरेदीदार तो राजकोट आणि कोइमतूरच्या भावाशी ताडून पाहतो. विजेचा दर हाताबाहेर गेला की ऑर्डर जाते. ऑर्डरपाठोपाठ साचे घालणारा मोल्डरही गाव सोडतो.

विकणाऱ्यांची इथे वानवा नाही. पाटण तालुक्यातले वनकुसवडे पठार, साताऱ्याजवळचे चाळकेवाडी आणि ठोसेघर, सांगली जिल्ह्यात ढालगाव आणि जतचा भाग इथे पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत. २००३ च्या पवन दर आदेशाखाली झालेले १३ वर्षांचे खरेदी करार केव्हाच संपले. त्या चक्क्यांचे भांडवल बऱ्याच अंशी फिटले आहे आणि त्यांना गिऱ्हाईक हवे आहे. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांकडे हंगामात बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडावरची, वीज आहे. देशात वीज एक्सचेंज २००८ पासून चालू आहेत आणि तिथे दर १५ मिनिटांना, दिवसाच्या ९६ टाइम ब्लॉकमध्ये, भाव ठरतो. विकणारा आणि घेणारा एकाच जिल्ह्यात असूनही व्यवहार होत नाही, याचे कारण मधल्या व्यवस्थेत आहे.

आमची पहिली तक्रार मीटरबद्दल आहे, आणि तीच सगळ्यांत मोठी आहे.

ओपन ॲक्सेस घ्यायचा तर १५ मिनिटांची नोंद ठेवणारे विशेष ऊर्जा मीटर लागते. मीटर बसवणे सोपे असते, अडते त्याच्या मागे. ११ केव्हीच्या क्युबिकलमधली (मोजणीच्या पेटीतली) सीटी-पीटी, म्हणजे प्रवाह आणि दाब मीटरला झेपेल इतका कमी करून देणारे ट्रान्सफॉर्मर, त्या मीटरला साजेशी असावी लागते. अचूकतेच्या ०.२एस वर्गाचे मीटर लावले आणि मागे ०.५ वर्गाची जुनी सीटी तशीच ठेवली, तर मोजणी सीटीइतकीच ढोबळ राहते. शिवाय सीटीचे प्रमाण भाराशी जुळावे लागते. ४०० केव्हीएच्या मागणीला ११ केव्हीवर सुमारे २१ अँपिअर वाहतात, तिथे २५/५ ची सीटी चालते. भट्टी वाढवून मागणी ६०० केव्हीएवर नेली की ३१ अँपिअरच्या पुढे जाते आणि ४०/५ ची सीटी लागते. ती बदलायची तर आधी सीटी चाचणी प्रयोगशाळेत न्यायची, मग शटडाऊन घ्यायचा, संयुक्त पाहणी करायची, सील लावायचे आणि अहवाल वर पाठवायचा. हे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सीटी जागेवर तयार असेल तर एका शटडाऊनमध्ये उरकते.

पण यातली प्रत्येक पायरी ज्या वितरण परवानाधारकाच्या, म्हणजे वितरण कंपनीच्या, हातात आहे, त्याचाच ग्राहक तुटणार असतो. चाचणीची तारीख तोच देतो, पाहणीला माणूस त्याचाच येतो, आणि ‘थकबाकी नाही’ हा दाखलाही त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. ज्याच्या दुकानातून गिऱ्हाईक उठून जाणार, त्यालाच शेजारच्या दुकानाचे कुलूप उघडायला सांगण्यासारखे हे आहे. कोणा एका अधिकाऱ्याच्या हेतूवर आम्ही बोट ठेवत नाही. हितसंबंधाची मांडणीच अशी केली आहे की प्रामाणिक अधिकाऱ्यालाही घाई करण्याचे कारण उरत नाही. नियमात लिहिले आहे की हरित ओपन ॲक्सेसचा अर्ज १५ दिवसांत निकाली निघाला नाही तर तो मंजूर झाला असे समजावे. कागदावर हे छान आहे. पण मंजुरी मानीव असू शकते, मीटर मानीव असू शकत नाही. मीटर जागेवर नसेल तर त्या मंजुरीवर एक युनिटही वाहत नाही. आणि १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्ज ‘परिपूर्ण’ झाल्यापासून. तो परिपूर्ण आहे की नाही हे कोण ठरवते, हे आपल्याला सांगायला नको.

दुसरी तक्रार अधिभारांची. उद्योगाच्या चढ्या दरातून इतर ग्राहकांना सवलत दिली जाते, ती क्रॉस सबसिडी. ग्राहक बाहेर गेला की तिच्या बदल्यात घेतात त्या क्रॉस सबसिडी अधिभाराचे सूत्र २०१६ च्या राष्ट्रीय दर धोरणात दिले आहे. ग्राहकाच्या दरातून वीजखरेदीचा सरासरी खर्च गळती धरून वजा करायचा, पारेषण-वितरणाचा खर्च वजा करायचा, नियामक मालमत्तेचा (मंजूर झालेल्या पण अजून वसूल न झालेल्या खर्चाचा) बोजा असेल तर तोही वजा करायचा, आणि जे उरेल तो अधिभार. त्याला दराच्या २० टक्क्यांची मर्यादा आहे. हिशेब दाखवण्यापुरते आकडे घेऊ. दर ९ रुपये, खरेदी ५ रुपये, गळती १५ टक्के, तारांचा खर्च १ रुपया. ५ ला ०.८५ ने भागले की ५.८८ येतात. त्यात १ मिळवून ६.८८. नवातून वजा जाता २.१२ उरतात. मर्यादा १.८० ची, म्हणून अधिभार १.८०. आता पवनचक्कीवाला ४.५० ला वीज द्यायला तयार आहे. पारेषण आणि वहन आकार मिळून १.५० धरा, अधिभार १.८० धरा, तर ७.८० झाले. त्यावर अतिरिक्त अधिभार एक रुपयाचा लागला तर ८.८०. वाटेतली गळती ग्राहकाच्याच नावावर पडते. नऊ रुपयांच्या विजेपासून सुटका करून घ्यायला एवढा खटाटोप, आणि हातात उरले वीस पैसे किंवा तेही नाहीत.

या सूत्रातली खोच अशी की औद्योगिक दर वाढला की अधिभारही त्याच्या मागून वाढतो. दरवाढीला कंटाळून ग्राहक बाहेर पडतो आणि तीच दरवाढ अधिभार होऊन त्याच्या बिलात परत येते. हरित नियमांनी यावर एक बंधन घातले आहे. ओपन ॲक्सेस मिळाल्या वर्षीचा अधिभार वीजप्रकल्प सुरू झाल्यापासून बारा वर्षांत ५० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण पवन किंवा सौर प्रकल्पाला कर्ज देणारी बँक पुढच्या वर्षांचा आकडा विचारते, तेव्हा ‘दीडपटीपर्यंत काहीही’ एवढेच उत्तर देता येते. तेवढ्या अनिश्चिततेवर बँक कर्ज महाग करते, आणि ते महागपण पुन्हा विजेच्या दरात शिरते.

अतिरिक्त अधिभाराबद्दल आमचे म्हणणे याहून कडक आहे. कलम ४२(४) खालचा हा आकार ग्राहक निघून गेल्याने पडून राहिलेल्या वीजक्षमतेच्या स्थिर खर्चासाठी आहे, आणि ती क्षमता खरोखर पडून राहते हे निर्णायकपणे सिद्ध झाले पाहिजे असे दर धोरणच सांगते. जो कारखाना आपली करार मागणी (वितरण कंपनीशी ठरलेला कमाल भार) पूर्ण ठेवतो आणि दरमहा डिमांड चार्ज भरतो, तो स्थिर खर्चाचा वाटा आधीच देत असतो. हरित नियमांनी अशा ग्राहकाला यातून वगळले आहे. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय दुरुस्तीने तर हा अधिभार ओपन ॲक्सेस मिळाल्यापासून चार वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायला सांगितले आहे. त्या चार वर्षांचे, वर्षनिहाय उतरत्या आकड्यांचे वेळापत्रक प्रत्येक ग्राहकाच्या मंजुरीपत्रातच छापले गेले पाहिजे.

तिसरी तक्रार बँकिंग (जास्तीची वीज ग्रीडमध्ये जमा ठेवून नंतर वापरणे) आणि टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे दर) यांची. बरीच वर्षे उच्चदाब उद्योगाला रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती. तिच्या भरवशावर आमच्या भागातल्या फाउंड्रींनी वितळण रात्रपाळीला नेले, कामगारांच्या पाळ्या बदलल्या, वाळूचे प्लांट त्या वेळेला जुळवले. २०२५ च्या दर आदेशांत स्वस्त वीज सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये आली आणि ५ पासून मध्यरात्रीपर्यंत पीक, म्हणजे जास्त मागणीच्या वेळेचा, आकार लागला. दिवसा सौर वीज भरपूर आहे हे खरे, आणि मागणी दिवसाकडे वळावी हा विचारही चुकीचा नाही. पण बँकिंगचा नियम असा आहे की ऑफ-पीकमध्ये जमा केलेली वीज पीकमध्ये काढता येत नाही. सौर वीज तयार होते त्याच वेळेला आपण ऑफ-पीक ठरवलेत. त्यामुळे सौर वीज घेणाऱ्या कारखान्याला ती दिवसाच्या स्वस्त युनिटांविरुद्धच वळती करता येते, संध्याकाळच्या महाग युनिटांविरुद्ध नाही. उरलेली वीज महिना संपला की पुढे नेता येत नाही. ज्यांनी आधीच्या नियमांवर हिशेब मांडून प्रकल्पात पैसे घातले, त्यांचा परतावा एका आदेशाने बदलला. पवन विजेचे दुखणे वेगळे आहे. वनकुसवडेचा वारा जून ते सप्टेंबरमध्ये जोरात वाहतो आणि हिवाळ्यात मंदावतो. महिन्यापुरत्या बँकिंगने पावसाळ्यातल्या जास्तीच्या विजेला काही मोल राहत नाही.

नियम बदलूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण चालू असलेल्या करारांना जुन्या अटी ठराविक वर्षे लागू ठेवणे आयोगाला शक्य आहे. ते केले नाही तर पुढचा गुंतवणूकदार या जिल्ह्यांकडे फिरकणार नाही, आणि विकणाऱ्यांची संख्या वाढल्याशिवाय स्पर्धा येत नाही.

भट्टीवाल्यांची आणखी एक अडचण इथेच सांगतो. इंडक्शन भट्टीचा भार चार्ज टाकताना, वितळताना आणि ओतताना वर-खाली होतो. ओपन ॲक्सेसची मात्रा किती टाइम ब्लॉक न बदलता ठेवायची, यावर केंद्राच्या नियमात बाराची, म्हणजे तीन तासांची, कमाल मर्यादा आहे. ती कमाल आहे, किमान नाही. चार ब्लॉकची अट ठेवली तर भट्टीच्या कामाच्या लयीला बरीच जुळेल.

लहानांबद्दल थोडक्यात. मे २०२३ च्या दुरुस्तीने एकाच विद्युत विभागातल्या अनेक जोडण्या मिळून १०० किलोवॅट झाले तरी चालेल असे म्हटले. पण एखाद्याचे ६० किलोवॅटचे युनिट कुपवाडला आणि ५० चे इस्लामपूरला असेल तर विभाग वेगळे पडतात आणि ११० किलोवॅट असूनही तो अपात्र ठरतो. मोजणी दोन्हीकडे १५ मिनिटांचीच असताना विभागाची हद्द मध्ये कशाला हवी, हे आम्हाला समजत नाही. विट्याच्या यंत्रमागवाल्यांचा भार तर याहून कितीतरी लहान. त्यांना सहकारी संस्थेमार्फत एकत्र वीज घेता येईल अशी वाट नियमात हवी. मुंबईच्या उपनगरांत २००९ पासून, आयोगाच्याच आदेशाने, घरगुती ग्राहकसुद्धा जुन्याच तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेऊ शकतो. समांतर तारांवरून तिथे वर्षानुवर्षे वाद झाले. त्यातून निघणारा धडा असा की तारा एकच ठेवाव्यात आणि स्पर्धा विजेच्या विक्रीत आणावी.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो शेतकऱ्याच्या नावाने. मोठे ग्राहक गेले तर शेतीपंपाची सवलत कोण भरणार? आमच्यातल्या बहुतेकांची घरे शेतीवरच उभी आहेत, तेव्हा हा प्रश्न आम्ही झटकून टाकत नाही. सवलत द्यायची असेल तर ती राज्य सरकारने अंदाजपत्रकातून, आगाऊ द्यावी असे कलम ६५ सांगते. शिवाय मीटर नसलेल्या पंपांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो, आणि त्या अंदाजात गळती किती आणि शेती किती हे वेगळे दिसत नाही. फीडरनिहाय (वीजवाहिनीनिहाय) मोजणी जाहीर करा, मग शेतकऱ्याच्या नावावर नेमके काय पडते ते दिसेल. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर दिवसा सौर विजेवर जात आहेत, ती वीज खरेदीच्या सरासरीपेक्षा स्वस्त आहे. शेतीचा पुरवठाखर्च कमी होत असेल, तर उद्योगावरचा क्रॉस सबसिडीचा बोजाही त्या प्रमाणात उतरला पाहिजे. तो किती उतरतो हे दर आदेशात स्वतंत्र ओळीत दाखवावे.

शेतीचाच दुसरा मुद्दा उपसा योजनांचा. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने दुष्काळी तालुक्यांत चढवतात. त्यांच्या चालू खर्चात वीजबिल हाच मोठा भाग आहे. त्या बिलाचा ८१ टक्के भार शासन आणि १९ टक्के शेतकरी उचलतो. हे एक मेगावॉटच्या कितीतरी वरचे ग्राहक आहेत आणि पंप कोणत्या तासाला चालवायचे हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात आहे. दुपारी एक्सचेंजवर भाव पडतो तेव्हा पंप चालवून तलाव भरून घेणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. स्पर्धेचा फायदा थेट जत-कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत पोहोचवायचा तर याहून सरळ जागा दुसरी नाही. या योजनांना निविदा काढून वीज घ्यायला वाट मोकळी करावी.

जे बाहेर जाऊ शकत नाहीत, त्या घरगुती ग्राहकांसाठी स्पर्धा वितरण कंपनीच्या खरेदीत असली पाहिजे. निविदेविना केलेल्या एन्रॉनच्या दाभोळ वीज कराराने राज्याला काय शिकवले ते इथे कोणी विसरलेले नाही. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाला ती वीज घेणे थांबवावे लागले. त्यानंतरच्या कायद्यात कलम ६३ खाली स्पर्धात्मक बोलीची सोय आली. तरी कोणत्या केंद्राची वीज कोणत्या तासाला कोणत्या भावाने उचलली, हे सामान्य ग्राहकाला वाचता येईल अशा रूपात रोजच्या रोज मिळत नाही.

खुल्या बाजाराचे धोकेही आम्ही जाणतो. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियात घाऊक भाव मोकळा आणि किरकोळ भाव बांधलेला ठेवला, काही विक्रेत्यांनी टंचाई निर्माण केली आणि वितरण कंपनी दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये २०२१-२२ च्या भाववाढीत भांडवल नसलेले अनेक पुरवठादार एकापाठोपाठ बंद पडले. पण तिथल्या घरांचे दिवे गेले नाहीत, कारण पुरवठादार बुडाला तर त्याचे ग्राहक कोण घेईल हे नियामकाने आधीच ठरवून ठेवले होते. म्हणून विक्रेत्याकडून अनामत, त्याच्या भांडवलाची तपासणी आणि शेवटच्या पुरवठादाराची तरतूद या गोष्टी आम्ही ग्राहक म्हणूनच मागतो.

आता मागण्या.

मीटर बसवणे, त्याची चाचणी आणि सील हे काम आयोगाच्या यादीवरील मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळांना द्यावे. परवानाधारकाचा प्रतिनिधी सात दिवसांत आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत झालेली चाचणी ग्राह्य धरावी. अर्जात त्रुटी असतील तर त्या एकदाच, लेखी आणि पाच दिवसांत सांगाव्यात. मुदत चुकली तर कलम ५७ च्या कृती मानकांप्रमाणे दिवसागणिक भरपाई द्यावी, आणि ती ग्राहकांच्या दरातून वसूल होऊ देऊ नये.

क्रॉस सबसिडी अधिभाराचा पाच वर्षांचा उतरता आराखडा जाहीर करावा. अतिरिक्त अधिभार मागणाऱ्याने पडून राहिलेली क्षमता १५ मिनिटांच्या ब्लॉकनुसार दाखवावी. दाखवता आली नाही तर तो मंजूर करू नये.

टीओडीचे तास बदलण्यापूर्वी मंजूर झालेल्या सौर आणि पवन करारांना त्यांच्या मूळ बँकिंग अटी किमान सात वर्षे द्याव्यात. करार संपलेल्या पवनचक्क्यांसाठी पावसाळी महिन्यांतली वीज पुढच्या तिमाहीत वापरण्याची सोय करावी, त्यासाठी वाजवी शुल्क घ्यावे.

ग्राहकाला त्याच्याच मीटरची १५ मिनिटांची नोंद मागील बारा महिन्यांपुरती विनामूल्य, संगणकावर उघडेल अशा फाइलमध्ये मिळावी. ही नोंद नसेल तर दुसरा विक्रेता भावच सांगू शकत नाही. अनेक कारखानदारांच्या हातात आज महिन्याचे एकूण युनिट आणि टीओडीचे गट एवढेच असते. मागणीची खरी आकृती त्यांना दिसत नाही.

कोणाची वीज ग्रीडवर केव्हा वाहील हे पाहणारे राज्य भार प्रेषण केंद्र आजही राज्याच्या पारेषण कंपनीकडे आहे, कायद्याने ती सोय वेगळी संस्था अधिसूचित होईपर्यंतचीच मांडली होती. पारेषण, निर्मिती आणि वितरण या तिन्ही कंपन्या एकाच मालकाच्या, म्हणजे शासनाच्या. ही संस्था वेगळी करावी असा सल्ला शासनाला देणे आयोगाच्या अधिकारात आहे. कलम ८६(२) मध्ये स्पर्धेला चालना देण्याचा सल्ला हे आयोगाचे काम म्हणून पहिल्याच क्रमांकावर लिहिले आहे. प्रभुत्वाचा गैरवापर दिसला तर कलम ६० खाली निर्देश देण्याचा अधिकारही आपल्याकडे आहे.

या सगळ्यावर आयोगाने जाहीर सुनावणी घ्यावी, आणि ती मुंबईबरोबर सांगली किंवा साताऱ्यातही घ्यावी. मीटर, सीटी, बिले आणि लोड कर्व्ह घेऊन आम्ही येऊ. तोपर्यंत निदान एक गोष्ट लगेच करता येईल. या दोन जिल्ह्यांतले ओपन ॲक्सेसचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती मीटर चाचणीसाठी थांबले आहेत आणि किती दिवसांपासून, याचा तक्ता आयोगाने दर महिन्याच्या दहा तारखेला संकेतस्थळावर टाकावा.

आपले,
सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील काही विद्युत अभियंते व लघुउद्योजक